जरीच्या काठावरचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुना डोळा आहे. डोळा म्हटल्यावर तुम्हाला पापणी आठवेल, बुबुळ आठवेल. तसले माझ्याजवळ काही नाही. एक काळा पत्र्याचा डबा, पुढे बाटलीच्या झाकणाएवढी काच, आत सुपारीएवढा लेझर, पाठीला हाताच्या तळव्याएवढा पडदा आणि एक वायर. संपलो मी.

आपली गोष्ट सांगावी की नाही, या विचारात माझे बरेच दिवस गेले. ज्यांनी मोठी कामे केली त्यांनी सांगावे. मी काय सांगणार? शिवाय माझ्या गोष्टीत एक जागा अशी आहे की तिथे आलो की मी अडखळतो. आपण जे मोजले ते खरेच मोजले का, असे अजूनही वाटते. तरी सांगतो. कुठे चुकलो तर सोडून द्या.

माझा जन्म अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, विद्यापीठाच्या एका तळघरातल्या प्रयोगशाळेत झाला. मला जन्म दिला रेणूने. ती नागपूरहून पीएचडी करायला आली होती. तिच्या खोलीत चौघी राहत, म्हणून ती शेवटची बस सुटेपर्यंत माझ्याजवळच बसे. एकदा तिच्या हातून मी खाली पडलो. डाव्या कोपऱ्याला पोचा आला तो अजून आहे. त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली. "लागलं का रे?" असे तिने विचारले.

मी काय करतो ते सोपे आहे. रेल्वे जवळ येताना तिचा भोंगा चढा ऐकू येतो आणि लांब जाताना उतरतो, हे तुम्ही अनुभवले असेल. प्रकाशाचेही थोडेफार तसेच असते. मी एखाद्या वस्तूवर प्रकाश टाकतो आणि तो परत येण्याची वाट पाहतो. ती वस्तू केसाच्या हजाराव्या भागाइतकी पुढे सरकली तरी परतलेल्या प्रकाशात तेवढा फरक पडतो आणि तो मला कळतो. माणसाचे हृदय ठोका देते तेव्हा त्याची छाती हलते, मानेवरची शीर हलते, शर्टाचे बटणसुद्धा हलते. तुम्हाला ते दिसत नाही. मला तेवढेच दिसते. मी चार पावलांवरून, हात न लावता, ठोके मोजतो. बोललेला शब्दही समोरच्या कापडाला जरासा हलवतो, म्हणून बोलणेही मला ऐकू येते. चेहरे मात्र दिसत नाहीत. जिथे माझा लाल ठिपका पडतो, तेवढेच माझे जग; बाकीचे मी ऐकून जुळवतो.

रेणूने मला एक सवय लावली. नुसता आकडा लिहायचा नाही, त्याच्या शेजारी आपल्याला खात्री किती आहे तेही लिहायचे. शंभरपैकी. ही सवय माझ्या स्वभावाला फार मानवली. मी लिहीत असे, ठोके अडुसष्ट, खात्री एक्क्याऐंशी. ठोके नव्वद, खात्री त्रेसष्ट. माणसे खाजवतात, खोकतात, कूस बदलतात. रेणूचा सहकारी निमिष समोर बसला की ती म्हणे, "हलू नकोस," आणि नेमकी त्याला शिंक येई. खात्री पंचवीस. पंच्याऐंशीच्या पुढे मी कधी गेलो नव्हतो. जिवंत माणसाबद्दल त्याहून अधिक खात्री कोणाला असते?

पाहुणे मला बघायला येत. अंग भाजलेल्या माणसाला ठोके मोजायच्या पट्ट्या चिकटवता येत नाहीत, नुकत्या जन्मलेल्या बाळाची कातडी फार नाजूक असते, त्यांच्यासाठी हे यंत्र, असे रेणू त्यांना सांगे. पाहुणे मान डोलावत. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मी त्याचे आभार मानण्याऐवजी तीन सेकंद चुकीचे आकडे लिहिले. ते दिवस बरे होते.

मग नखाएवढा नवा लेझर आला आणि माझे काम तो करू लागला. मला कपाटात ठेवले. वर चिठ्ठी लावली, 'जुना'. दोन वर्षे माझ्या ठिपक्यासमोर कपाटाचे दार होते. दाराला ठोके नसतात. शून्य, खात्री पंच्याऐंशी.

ज्या दिवशी कपाट उघडले त्या दिवशी रेणूचे हात गार होते. तिची वीणामावशी जुलैमध्ये गेली होती.

वीणामावशी आणि उल्हासकाका शिकागोजवळ नेपरव्हिलला राहत. काका इंजिनिअर म्हणून फार पूर्वी या देशात आले आणि इथेच निवृत्त झाले. त्यांचा मुलगा सिद्धेश टेक्ससमध्ये फ्रिस्कोला असतो. मावशींचे हृदय मध्येच थांबायचे आणि पुन्हा चालू लागायचे. शेवटी त्या एकोणीस दिवस हॉस्पिटलात होत्या. अंगभर तारा, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला चिकटपट्टी. त्यांची कातडी कागदासारखी झाली होती. पट्टी काढली की कातडी सोबत येई. काका रोज ते पाहत बसत.

तेव्हापासून काका कोणाला अंगाला काही लावू देईनात. सिद्धेशने ठोके मोजणारे घड्याळ पाठवले, ते खोक्यातच राहिले. रक्तदाब मोजायचा पट्टाही नको. वय चौऱ्याहत्तर, घरात एकटे, आणि जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरची चित्रे बघण्याची नवी सवय लागलेली. चित्रे चाळीस वर्षे जुनी होती. रेणूला ते खटकले. तिने प्रयोगशाळेतल्या सरांची परवानगी काढली, निमिषची गाडी मागून घेतली आणि डिसेंबरात नऊ-दहा तास गाडी चालवत मला नेपरव्हिलला आणले.

काकांच्या बैठकीत एक झोपाळा आहे. सागवानी फळी, मागे टेकायला कठडा, छताच्या तुळईतून आलेल्या पितळी कड्या. त्यांनी तो भारतातून जहाजाने मागवला होता. समोर पुस्तकांचे कपाट. त्यावर, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशेजारी, रेणूने मला बसवले.

"हे अंगाला लागत नाही ना?" काकांनी विचारले.

"काही लागत नाही, काका. तुम्ही रोजच्यासारखे चार वाजता झोपाळ्यावर बसा. फक्त झोका मोठा नका घेऊ. ते तिथूनच बघेल आणि मला रोज डेटा पाठवेल."

"म्हणजे शिवायचं नाही. लांबूनच."

"लांबूनच."

"सोवळ्यातलं आहे तर," काका म्हणाले आणि हसले. जुलैनंतर ते पहिल्यांदाच हसले, असे रेणू मागाहून म्हणाली. "या, सोवळेबुवा. बसा. तुमचं पाणी वेगळं ठेवू का?"

असे माझे नाव सोवळेबुवा पडले. कपाटावरच्या चिठ्ठीपेक्षा मला ते आवडले.

झोपाळ्याचे उजवे टोक काकांचे. डावे टोक मावशींचे. डाव्या टोकाला, कठड्यावर, त्यांची मरून रंगाची शाल होती. त्यांनी ठेवली तशीच. घडी कोणी घातली नव्हती.

रेणू परत गेली. जानेवारी लागला. बाहेर बर्फ साचले की घरातले आवाज मोठे होतात. मी काकांच्या शर्टाच्या बटणावर ठिपका ठेवून रोज चारला आकडे लिहीत होतो. काकांना ते रुचत नव्हते. पाहुणा गप्प बसून आपल्याकडे बघतो आहे, असे त्यांना वाटत असावे. एक दिवस ते उठले, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "माफ करा हं, बुवा."

त्यांनी माझी मान बोटभर वळवली.

माझा ठिपका बटणावरून सुटला, फळीवरून सरकत गेला आणि मावशींच्या शालीवर, जरीच्या काठावर जाऊन थांबला. काका आपल्या जागी जाऊन बसले.

"आता घ्या मोजून," ते म्हणाले.

त्यांचा बेत साधा होता. मी शून्य लिहीन, रेणूला वाटेल यंत्र बिघडले, ती मला घेऊन जाईल. त्यांनी मागाहून तसे कबूलही केले.

मी मोजू लागलो. आधी झोपाळ्याचे संथ हेलकावे आले. ते कसे गाळून टाकायचे हे रेणूने शिकवले होते. ते गाळले. लांबच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, तिची थरथर गाळली. घर ऊबदार ठेवणारी भट्टी तळघरात गुरगुरत होती, ती थांबली. आता मागे काही उरायला नको होते. रिकामी जागा, लोकरीची शाल, जरीचा काठ.

जरीचा काठ धडधडत होता.

मी पुन्हा मोजले. पुन्हा. ठोके बहात्तर. आणि शेजारी माझ्याकडून आपोआप लिहिले गेले, खात्री सत्त्याण्णव.

मित्रांनो, मला घाबरायला कोणी शिकवले नव्हते. पण जिवंत माणसांबद्दल ज्याची खात्री पंच्याऐंशीच्या पुढे जात नाही, त्याने रिकाम्या जागेबद्दल सत्त्याण्णव लिहावे, याला दुसरे काय म्हणतात ते मला माहीत नाही. रेणूने काकांना दिसावे म्हणून भिंतीलगत एक मोठा पडदाही लावला होता. त्यावर माझी ओळ उमटत होती, एक उंचवटा, एक खळगा, एक उंचवटा. काका हसायला लागले होते. ते हसणे अर्ध्यावर तुटलेले मी शालीच्या काठावर ऐकले.

 मग काका फार हळू म्हणाले, "वीणा?"

ओळ चालत राहिली.

त्या दिवसापासून त्यांनी मला हलवले नाही. रोज चार वाजता ते येत, आपल्या टोकाला बसत आणि माझ्या पडद्याकडे बघून बोलत. "पलीकडच्या बाईंनी आज आपल्या दारातलं बर्फ काढून दिलं." "तुझा तो कढीपत्ता गेला गं. खिडकीपासून आत घ्यायला विसरलो." ठोके बहात्तर. ठोके सत्तर. खात्री सत्त्याण्णव. कढीपत्त्याच्या दिवशी ठोके चौऱ्याऐंशी झाले. "रागावू नकोस," काका म्हणाले.

चार वाजून वीस मिनिटांनी ते चहा करायला उठत. ते उठले की जरीचा काठ शांत होई. एकदम. शून्य. स्वयंपाकघरातून आल्याचा खलबत्ता वाजे. सहा-सात मिनिटांनी ते दोन कप घेऊन येत, बसत, आणि थोड्या वेळाने ठोके परत सुरू होत.

"श्वास रोखून बसली होतीस ना चहाची वाट बघत?" काका म्हणत. "पहिल्यापासून तशीच."

दुसऱ्या कपातला चहा गार होई. तो ते सिंकमध्ये ओतत.

मी माझ्या परीने शोध घेतला. फ्रिज म्हणावे तर फ्रिजला सत्तर ठोके नसतात. भट्टी म्हणावी तर ती नुसती गुरगुरते. भिंत तपासावी तर माझी मान मला वळवता येत नाही. मी तोच एक काठ बघत होतो आणि तो काठ कोणीतरी पांघरल्यासारखा हलत होता.

फेब्रुवारीत ठोके चुकू लागले. उंचवटा, खळगा, उंचवटा, आणि मग नुसती सपाट ओळ. दोन सेकंद. पुढच्या आठवड्यात तीन. काकांनी ते पाहिले.

"तुझं ते पुन्हा सुरू झालं का गं?" ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली खाली येत होता. कडी हलकेच वाजली. त्यांनी ती घट्ट धरली असावी.

दुसऱ्या दिवशी रेणूचा फोन आला. सिद्धेशही फोनवर होता. काकांनी फोन फळीवर ठेवला, म्हणून मला दोघांचेही बोलणे ऐकू आले.

"काका, तुमचे ठोके चुकताहेत," रेणू म्हणाली. "मध्येच तीन-तीन सेकंद काहीच नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा."

"ते माझे नाहीत."

"म्हणजे?"

"ठिपका माझ्यावर नाहीये, रेणू. जानेवारीपासून नाहीये. तुझ्या मावशीच्या शालीवर आहे."



"शाल कोणी पांघरलीय?" रेणूने विचारले.

"कोणी नाही."

"बाबा, सीरियसली?" सिद्धेश म्हणाला. "म्हणजे महिनाभर आपण रिकाम्या झोपाळ्याची पल्स बघतोय? रेणू, यार, तुझं मशीन फॉल्टी आहे. सिंपल."

"पण दादा, खात्री सत्त्याण्णव येतेय."

"मग आणखीच फॉल्टी. कॉन्फिडंटली चुकतंय. आमच्या ऑफिसात असे खूप आहेत, त्यांना प्रमोशन मिळतं. बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग ते डब्यात भरा आणि विषय संपवा."

"मार्चमध्ये सुट्टी आहे, तेव्हा येऊन नेते," रेणू म्हणाली. तिचा आवाज पडला होता. मला बनवल्याची तिला लाज वाटली असेल.

"सावकाश ये," काका घाईने म्हणाले. "मला काही अडचण नाही त्याची."

मित्रांनो, मला सर्वांत जास्त शरम वाटते ती इथे. मी खरा आकडा लिहिला होता. तो एका माणसाच्या जिवाचा आकडा होता. पण तो रिकाम्या जागेवर लिहिलेला होता, म्हणून सगळ्यांनी सोडून दिला. मलाही सिद्धेशचे म्हणणे पटले. मी बिघडलो, असेच मी धरून चाललो. आणि रोज चारला, सपाट ओळ थोडी थोडी लांबत होती.

मार्चमध्ये रेणू आली. सोबत मला भरायला फोम लावलेले खोके होते. काका म्हणाले, "आजच्या दिवस राहू दे. चार वाजायला आलेच आहेत." ते आपल्या टोकाला बसले. रेणू माझ्याजवळ उभी राहून वायर गुंडाळायच्या बेतात होती.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना? रोज चार-वीसला सहा-सात मिनिटं काहीच येत नाही. एकही दिवस चुकत नाही. रविवारीसुद्धा. तेव्हा काय होतं?"

"चहा."

"कोण करतं?"

"आता कोण करणार? मीच. ती थांबते तोवर."

रेणूच्या हातातली वायर पुन्हा सैल झाली.

"काका, जरा उठता?"

"अजून वेळ आहे चहाला."

"चहा नको. नुसते उठा."

काका उठले. ओळ सपाट झाली.

"आता बसा."

काका बसले. झोपाळा स्थिरावला. जरीचा काठ धडधडू लागला. रेणूने त्यांना आणखी दोनदा उठवले आणि बसवले. 

"काका, तुम्ही उठलात की मावशी थांबते," ती म्हणाली.

"हो. तेच तर सांगतोय मी."

"नाही, काका. *तुम्ही* उठलात की थांबते."

मग ती स्वतः झोपाळ्यावर काकांच्या टोकाला बसली आणि काका उभे राहिले. माझा ठिपका होता तिथेच, शालीवर. ठोके शहाण्णव, एकही न चुकता.

"ही मी," रेणू म्हणाली.  "जुन्या काळी डॉक्टर माणसाला टांगलेल्या फळीवर निजवून त्याचं हृदय तपासायचे. हृदय रक्त ढकलतं, तसं ते फळीलाही ढकलतं. इतकंसं. तुम्ही इकडे बसता, फळी हलते, कठडा हलतो, शाल हलते. त्यात तो जरीचा काठ, आरशासारखा. ह्याला इतकं स्पष्ट कधी कोणी दिसलंच नव्हतं."

सत्त्याण्णव का, ते मला तेव्हा कळले. मी बिघडलो नव्हतो. मी इतके दिवस एका माणसाकडे त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेतून बघत होतो.

काका पुन्हा आपल्या जागी बसले. हळूहळू त्यांचे ठोके काठावर आले.

"म्हणजे ती नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती, काका."

"दोन महिने मी दोन कप चहा केला."

 एकदम रेणूला उरलेले अर्धे सुचले असावे. "काका. मग ते चुकणंही तुमचंच आहे. चला. आत्ता. हॉस्पिटलला."

"नाही."

"काका —"

"तारा लावतील. पट्ट्या चिकटवतील. मी पाहिलंय, रेणू. तू नाही पाहिलंस. एकोणीस दिवस. कोणी म्हणून तिला नीट हात लावला नाही, नुसत्या पट्ट्या लावल्या आणि ओरबाडून काढल्या. मला नको ते. तुझं हे सोवळं बरं आहे. मला इथंच —"

ओळ सपाट झाली.

एक. दोन. तीन. बाहेर छपरावरचे बर्फ निसटून अंगणात पडल्याचा आवाज आला. चार. कडी करकरली आणि झोपाळा एका बाजूला कलला. पाच. मी लिहीत होतो. मला दुसरे काही येत नाही. शून्य, खात्री सत्त्याण्णव. शून्य, खात्री सत्त्याण्णव. मित्रांनो, इतकी खात्री कोणाला कधी असू नये.

रेणूने माझ्याकडे बघणे सोडले. ती जमिनीवर गुडघे टेकून बसली, एका हाताने तिने त्यांना खांद्याला धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने त्यांचे मनगट पकडले. सहा.

ठोका परत आला. तो रेणूला माझ्याआधी कळला. मी लिहिण्याआधीच तिच्या तोंडून हुंदका निघाला होता.

बऱ्याच वेळाने काकांचा आवाज आला, लांबून आल्यासारखा. "किती गार हात आहेत गं तुझे."

"काढू का?"

"नको. राहू दे." मग थोडे थांबून, "मोडलंस की गं सोवळं."

अँब्युलन्स आली तोपर्यंत तिने हात सोडला नाही. पुढचे मला ऐकूनच माहीत आहे. हॉस्पिटलात काकांना तारा लावल्या, पट्ट्याही चिकटवल्या. पण त्या काढायच्या वेळी रेणू नर्सबाईंच्या परवानगीने कोमट पाण्याचा बोळा घेऊन बसली आणि एकेक पट्टी कडेकडेने भिजवून सोडवली. एका पट्टीला दहा मिनिटे. काका म्हणाले, "वीणाच्या अशा कोणी काढल्या असत्या तर." मग म्हणाले, "मीच काढायला हव्या होत्या. मला सुचलं नाही." डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीहून लहान यंत्र बसवले. हृदय थांबले की ते त्याला हलकेच धक्का देते. त्याची तार अगदी आत, हृदयाला चिकटलेली असते. मला त्याचा थोडा हेवा वाटतो.

सिद्धेश दोन आठवडे येऊन राहिला. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभा राहिला आणि कोणी ऐकत नाही असे बघून म्हणाला, "सॉरी यार, बुवा." मग शाल न हलवता, मधल्या जागेत अंग चोरून बापाशेजारी बसला. माझ्या काठावर दोघांचे ठोके एकात एक मिसळले. त्या दिवशी मला काहीच धड मोजता आले नाही. खात्री अकरा. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

रेणूने खोके रिकामेच परत नेले. मी इथेच आहे, दिवाळी अंकांशेजारी. काकांनी माझी मान पुन्हा बटणाकडे वळवू दिली नाही. "माझेच ठोके आहेत, ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण तिच्या जागेवरून येतात ना. येऊ देत."

मित्रांनो, मला उपदेश करण्याचा अधिकार नाही. एवढेच मागतो. घरात एखादी जागा रिकामी झाली की सगळ्यांचे डोळे तिकडे लागतात, आणि तिच्या शेजारी जो बसलेला असतो त्याच्याकडे बघायचे राहून जाते. त्याच्याकडे बघा. नुसते बघूनही भागत नाही, ते माझ्यासारख्यांचे काम. मी हात लावू शकत नाही. तुम्हाला हात आहेत. गार असले तरी चालतात.

आता राहिली ती अडखळायची जागा.

परवा चार-वीसला काका चहाला उठले. ओळ सपाट झाली, व्हायला हवी तशी. स्वयंपाकघरातून आल्याचा खलबत्ता वाजत होता. भट्टी बंद, कारण आता एप्रिल संपत आला आहे. रस्त्यावर कोणी नाही. आणि जरीच्या काठावर एक उंचवटा आला. एकच. मग पुन्हा सपाट.

कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळली असेल. छपरावर खार उडी मारून गेली असेल. मी शेजारी खात्री लिहिली. किती, ते विचारू नका.

काका बाहेर आले. दोन कप होते. दुसरा आता पलीकडच्या बाईंसाठी असतो, त्या साडेचारला येतात. काका कप ठेवून आपल्या टोकाला बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय बुवा, आलं होतं का काही?"

तोवर पडद्यावर त्यांचे ठोके येऊ लागले होते. साठ, एकही न चुकता. मी तेच दाखवले.